प्लगवरचा आकडा

गोवंडीला आमच्या वर्गात एक ड्रायव्हर येतात. त्यांच्याकडे जुनी फियाट आहे, पद्मिनी. ही गाडी पूर्वी जवळच कुर्ल्याला, प्रीमियरच्या कारखान्यात बनत असे. पद्मिनी टॅक्सी मुंबईतून 2023 साली गेली. पण हौसेने गाडी बाळगणारे अजून आहेत. हौसेला मोल नसते! यांनी मेस्त्रीकडून इंजिनाचे हेड घासून घेतले. त्याने आतला दाब वाढला. कार्बोरेटरही मोठा बसवला. गाडी वाऱ्यासारखी पळू लागली.

मेस्त्री म्हणाला, "आता प्लग एक नंबर ठंडा घाला."

ठंडा प्लग म्हणजे काय? ठिणगी काही थंड नसते. फरक असतो प्लगच्या टोकात. टोकाशी चिनी मातीची पांढरी नळी दिसते. ती लांब असली की उष्णता बाहेर जायला वेळ लागतो, टोक तापलेले राहते. हा गरम प्लग. नळी आखूड असली की उष्णता लगेच इंजिनाच्या अंगात उतरते. हा ठंडा.

टोक साधारण 500 ते 850 अंश तापलेले हवे. कमी तापले तर काजळी जळून जात नाही, साचते. मग ठिणगी चुकते. फार तापले तर टोक निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटते. पिस्टन वर येत असतो, आणि वरून जाळाचा तडाखा बसतो! जोरदार इंजिनात उष्णता मुळात जास्त. म्हणून तिथे ठंडा प्लग लागतो. तुमच्या मोटारसायकलला मात्र उगाच ठंडा घालू नका. कंपनीने सांगितलेलाच बरा.

आमच्या ड्रायव्हरांच्या गाडीत एनजीके कंपनीचा 6 नंबर होता. एनजीकेत आकडा मोठा तो प्लग ठंडा. म्हणजे 7 हवा होता. दुकानात तो नव्हता, बॉश होता. यांनी विचार केला, आकडा मोठा असला म्हंजे झालं. आणि 8 नंबर घेतला. पण बॉशची रीत उलटी आहे! तिथे आकडा मोठा तो प्लग गरम. ठंडा घ्यायला गेले आणि पहिल्यापेक्षाही गरम घेऊन आले.

खंडाळ्याच्या घाटात इंजिन खडखडू लागले. यांनी गाडी तशीच दामटली. वर पोचेतो जोर गेला. इंजिन उघडले तर एका पिस्टनला बोट जाईल एवढे भोक! सगळा हंगाम त्या खर्चात गेला.

आता ते डबीवरचे नाव आणि आकडा दोन्ही वाचतात. प्लग काढून रंगही बघतात. फिका बदामी रंग चांगला. पांढराफटक म्हणजे फार ताप. काळी कोरडी भुकटी म्हणजे ताप कमी किंवा पेट्रोल जास्त.

परवा त्यांनी चारही प्लग रुमालात बांधून वर्गात आणले. तीन बदामी होते. चौथा काळा, आणि वर तेलकट.

"गुरुजी, हा प्लगचा दोष नाही," ते म्हणाले. "तेल वर चढतंय. रिंगा बदलायला लागणार."