अपघात दुसऱ्याचा, बिल मात्र आपल्या हाती



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातले रस्ते भरून जातात. उसाचे ट्रॅक्टर, जोड ट्रॉल्या, बैलगाड्या आणि त्यांतून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. रस्त्यावरचा घाला लहानथोर पाहत नाही. बीड जिल्ह्याचे सुपुत्र गोपीनाथराव मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातातच गेले. जो जखमी वाचतो, त्याच्या घरावर दुसरा घाला पडतो तो दवाखान्याच्या बिलाचा. चूक दुसऱ्याची, आणि उसाचे आलेले बिल सगळे दवाखान्याच्या बिलात जाते.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. दवाखाना पैसे मागतो ते आपल्याकडे. समोरच्या गाडीची विमा कंपनी भरपाई देते ती मागाहून, आणि तीही कागद दाखवला तरच.

पहिला तास. १०८ वर रुग्णवाहिका व ११२ वर पोलीस बोलवावेत. "पोलीस केस आहे, आधी पोलीस आणा" असे म्हणून कोणत्याही डॉक्टरला तातडीचे उपचार अडवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच हे सांगितले आहे. जखमीला उचलून नेणाऱ्यालाही २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. तेव्हा भिऊन बाजूला उभे राहू नये.

पहिले सात दिवस. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ता अपघातातील जखमींसाठी रोख पैसे न भरता उपचारांची योजना लागू केली. अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या दवाखान्यांत होतात. त्यासाठी अपघाताची नोंद पोलिसांकडे पाहिजे. दवाखाना योजनेत आहे का, हे दाखल करतानाच विचारावे. पुढचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही सरकारी ठिकाणे विसरू नयेत.

कागद. काट्यावरची वजनपावती आपण बिल निघेपर्यंत जपतो ना? तशीच दवाखान्याची प्रत्येक पावती जपावी. एक पिशवी करून तीत हे ठेवावे:

१. प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, आणि पंचनाम्याची नक्कल.
२. दाखल झाल्याचा व घरी सोडल्याचा कागद, एक्स-रे आणि तपासण्या.
३. औषधांची पक्की बिले, प्रत्येकावर जखमीचे नाव व तारीख. सोबत डॉक्टरची चिठ्ठी.
४. गाडीभाड्याच्या पावत्या.
५. समोरच्या गाडीचा नंबर आणि विम्याची माहिती. ही पोलिसांकडून मिळते.
६. सातबारा आणि उसाच्या बिलाचे उतारे, म्हणजे बुडालेली कमाई दाखवता येते.

साध्या कागदावर लिहिलेला हिशेब कोर्टात टिकत नाही.

दावा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. जिथे अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथेही तो करता येतो. अपघात पुण्याकडे झाला म्हणून पुण्याला खेटे घालायला नकोत. मुदत अपघातापासून ६ महिन्यांची आहे. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात तशी तरतूद आली. "हंगाम उरकू द्या, मग बघू" म्हणू नये. दाव्यात फक्त औषधपाणी नाही, तर प्रवास, सकस आहार, बुडालेली मजुरी, पुढचे उपचार आणि आलेले अपंगत्व हेही मागता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक व अल्प उत्पन्न असणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

इथे सगळ्यांत मोठा धोका गावच्या मिटवामिटवीचा. "दहा हजार घ्या अन् मिटवून टाका" म्हणत लोक स्टॅम्पवर सही घेतात. पुढे पायात सळई घालायची वेळ आली की तोच कागद आडवा येतो. विमा कंपनीने देऊ केलेली तडजोडसुद्धा लेखी मान्य केली की दावा तिथेच संपतो. म्हणून उपचार पुरे होईपर्यंत, वकिलाला विचारल्याशिवाय, कशावरही सही करू नये.

ठोकर देऊन गाडी पळाली तर? तरीही वाट आहे. मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. तहसील कचेरीत विचारावे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकऱ्यांसाठी राज्य शासनाची अपघात योजना आहे, पण ती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. दवाखान्याचे बिल तीतून निघत नाही.

आणि गाडी आपली असली तर? उद्या आपल्याच ट्रॉलीवर मागून कोणी आदळला, तर त्याच्या पिशवीतले कागद आपल्या दारी येतील. ट्रॅक्टरचा विमा संपलेला असला, तर भरपाई जमीन विकून द्यायची पाळी येते. म्हणून पहिली खेप निघण्यापूर्वी विम्याची तारीख बघावी. त्यात ट्रॉली धरली आहे का आणि ऊस वाहतुकीचा वापर बसतो का, हेही एजंटाला विचारून घ्यावे. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्टी लावावी. पट्टीला लागतात थोडे रुपये. ती नसल्याने जे जाते त्याची भरपाई कुठलेच न्यायाधिकरण करू शकत नाही.