मुळांना वारा द्या

घरातलं ऑर्किड मलूल झालं की आपण पानांकडे बघतो आणि पाणी वाढवतो. आमच्या बेल्हे गावात मी जी ऑर्किडं गेलेली पाहिली, त्यांतली बहुतेक तहानेनं गेली नाहीत. कुंडीच्या आत मुळं गुदमरली म्हणून गेली.

जाऊबाईंना मुलानं पुण्याहून फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड आणून दिलं होतं. जांभळ्या फुलांची लांब दांडी आणि खाली चिनी मातीची चकचकीत कुंडी. फुलं गळाली, पुढं पानं लुळी पडली, म्हणून पाणी आणखी वाढलं. रोप बुडातून हलायला लागलं तेव्हा आम्ही दोघींनी ते उपसलं. वरून झाडाच्या सालीचे छान कोरडे तुकडे दिसत होते, पण आत मुठीएवढा शेवाळाचा गोळा निघाला, गच्च ओला आणि कुबट वासाचा. रोपवाटिकेत लहान रोप स्फॅग्नम शेवाळात वाढवतात आणि मोठं झालं की तो गोळा तसाच ठेवून भोवती साल भरतात. तिथल्या बंदिस्त, मापून पाणी देण्याच्या व्यवस्थेत ते चालतं. घरी बाहेरची साल लवकर वाळते, आपण पुन्हा पाणी घालतो आणि आतला गोळा काही सुकत नाही. त्यातली सगळी मुळं पोकळ झाली होती. बोटांत धरून ओढलं की वरचं आवरण निघून यायचं आणि हातात नुसता दोरा राहायचा.

म्हणून विकत आणलेल्या रोपाची फुलं गळाली की ते एकदा कुंडीतून काढून बघाच. शेवाळ असेल तर हलक्या हातानं सोडवून टाका. शोभेच्या बिनभोकाच्या कुंडीत रोप ठेवायचंच असेल, तर पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढा, पूर्ण निथळू द्या आणि मगच परत ठेवा.

या मुळांना माती का चालत नाही, हे समजायला आपल्याच भागात पश्चिमेला जावं. आहुप्याची देवराई, भीमाशंकरचं रान, नाणेघाटाकडची जुनी झाडं. तिथं फांद्यांवर ऑर्किड, म्हणजे आमरी, सालीला चिकटून वाढते. झाडावर असते म्हणून कित्येक जण तिला बांडगूळ समजतात, पण ती झाडाचा रस शोषत नाही, फक्त आधार घेते. मुळांवर वेलामेन नावाचं पांढरं सच्छिद्र आवरण असतं. पाऊस आला की ते पाणी पिऊन हिरवं दिसतं, वाळलं की पुन्हा रुपेरी होतं. भिजणं आणि मग वाऱ्यावर सुकणं, असं तिचं जगणं. मे-जूनमध्ये फुलणारी सीतेची वेणी असो, की हिवाळ्यात पानं टाकून उघड्या कांड्यांवर पांढरी फुलं काढणारं डेंड्रोबियम बार्बाटुलम, यांच्या मुळांभोवती मूठभरसुद्धा माती नसते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या बागकामगारांनी उष्ण प्रदेशातून नेलेली ऑर्किडं कोंदट, तापवलेल्या काचघरांत ठेवली आणि ती मोठ्या संख्येनं मेली. चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टननं काचघरात हवा खेळती केली, तेव्हा ती जगू लागली.

आता बेल्ह्याचं बघा. जिल्हा तोच, पण आपण पर्जन्यछायेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, गरम वारा सुटतो आणि पावसाळ्यात कधी दिवसच्या दिवस ढगाळ, दमट जातात. कोकणातल्या किंवा थायलंडच्या हवेला बेतलेला सल्ला इथं जसाच्या तसा लागू पडत नाही. टोपलीत नुसती मुळं मोकळी सोडून वाढवलेला व्हँडा जातीचा ऑर्किड समुद्राकाठी सुखानं राहतो. इथं उन्हाळ्यात त्याला दिवसातून दोनदा भिजवावं लागतं. घरी कायम माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोकोपीटबद्दल विशेष सांगायचंय. नारायणगाव परिसरात टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये कोकोपीटवर होतात, त्यामुळे ते सहज मिळतं आणि हात आपसूक तिकडे जातो. टोमॅटोच्या रोपाला ते उत्तम, पण ऑर्किडच्या मुळांभोवती त्याचा चिखल होतो. कोकोपीट ज्या नारळाच्या सोडणापासून होतं, त्याचे इंचभराचे तुकडे मात्र चालतात. सोडण पूर्ण सुकलेलं हवं. आळेफाट्यावर शहाळी पिऊन टाकलेली हिरवी सालं आणू नयेत, ती लवकर कुजतात. तुकडे पाणी बदलत काही दिवस भिजवा. पाण्याचा तपकिरी रंग उतरला की त्यातलं टॅनिन आणि क्षार बरेच गेले असं समजा. त्यात लाकडी कोळसा आणि पक्क्या विटेचे तुकडे मिसळा. दगडी कोळसा अजिबात नको. सगळं चाळून भुकटी काढून टाका, कारण तीच तळाशी बसून भोकं बुजवते. रोप पावसात उघड्यावर राहणार असेल तर दोन भाग कोळसा-वीट आणि एक भाग सोडण. आडोशाला असेल तर सोडण थोडं वाढवा. साधारण दोन वर्षांत सोडण मऊ पडतं, तेव्हा माध्यम बदलावंच लागतं.

कुंडी लहान घ्यावी, मुळं जेमतेम मावतील एवढी. मोठ्या कुंडीत मधला भाग ओलाच राहतो. आमच्या कोरड्या हवेत मातीची कुंडी आतून पाणी झिरपून थंड राहते, हा तिचा मोठा गुण. पण बाजारातल्या साध्या कुंडीला तळाशी एकच भोक असतं. कुंभाराला आधी सांगितलं तर भाजण्यापूर्वीच बाजूला भोकं पाडून देतो. फॅलेनॉप्सिसला मी पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी पसंत करते. तापलेल्या सळईनं तिला भोकं पाडता येतात आणि मुळांचा रंग बाहेरून दिसतो. रुपेरी दिसली तर पाणी, हिरवी असतील तर थांबायचं. पाणी सकाळी, खालून वाहेपर्यंत आणि पानांच्या बेचक्यात साचू न देता घालावं.

पण इतकं जमवूनही बोअरच्या पाण्यानं घात होतो. आपल्याकडचं जड पाणी कोळशावर आणि कुंडीच्या अंगावर पांढरा थर धरतं, तिथं मुळांची टोकं करपतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी तर त्याहून खारट, ते ऑर्किडला कधीच घालू नये. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी झाकणाच्या पिंपात साठवा. द्राक्षा-टोमॅटोसाठी घरात असलेलं १९:१९:१९ खत लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा पुरतं, मधून मधून नुसत्या पाण्यानं कुंडी धुवून काढावी.

कुंडी बदलायची वेळ नव्या मुळांची हिरवी टोकं सांगतात. पोकळ मुळं कापा, कात्रीचं पातं आधी ज्योतीवर तापवून घ्या. डेंड्रोबियमची आडवी खोडं माध्यमाच्या वरच राहू द्या, पुरली तर नवे कोंब सडतात. रोप काडीला घट्ट बांधा, कारण डुलणाऱ्या रोपाची कोवळी टोकं घासून मरतात.

रानातलं रोप मात्र उचलू नका. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, तिथून काही आणणं गुन्हा आहे. शिवाय घाटातल्या धुक्याला सरावलेलं रोप बेल्ह्याच्या उन्हाळ्यात टिकवणं फार कठीण. पहिलं रोप रोपवाटिकेतलं संकरित डेंड्रोबियम घ्या. उन्हाला ते फॅलेनॉप्सिसपेक्षा चिवट असतं, निम्मं ऊन अडवणाऱ्या शेडनेटखाली चांगलं राहतं. जूनच्या पहिल्या पावसानंतर आणलंत तर उन्हाळा येईपर्यंत त्याची मुळं नव्या कुंडीत रुजलेली असतील.