१६४० वर कोण बसलंय?

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल आपण सगळेच परीक्षेत लिहितो. १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. त्यात प्लॅटिनमसारखे धातू अल्युमिना या ऑक्साइडवर पसरलेले असतात. अशा ऑक्साइडच्या पृष्ठभागावर वायूचे रेणू चिकटतात, तेच अ‍ॅडसॉर्प्शन. शोषण नव्हे बरं का! स्पंज पाणी आत घेतो, इथे रेणू वरच्या वर बसतो.

बसलेला रेणू दिसतो कसा? इन्फ्रारेडने. रेणूतला बंध स्प्रिंगसारखा ठराविक कंप पावतो. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचा कंप २१४३ सेंमी⁻¹ ला असतो. तो अल्युमिनावरच्या अ‍ॅल्युमिनियम आयनला चिकटला की आकडा वर सरकतो. म्हणजे रेणूच पृष्ठभागाची चुगली करतो!

माझ्या प्रोजेक्टमध्ये हे काम पिरिडिनकडे होतं. १९६३ मध्ये पॅरी या संशोधकाने मांडलेली ही पद्धत. पिरिडिन इलेक्ट्रॉनजोडी देऊन लुईस आम्लस्थानावर बसलं तर १४५० च्या आसपास पट्टा येतो. ब्रॉन्स्टेड स्थानाकडून प्रोटॉन घेतला तर १५४० ला, शिवाय १६४० जवळही.

जुलै महिना. घाटकोपरला उतरून भिजत लॅब गाठली. सॅम्पल पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये कुटून पेलेट बनवली. १६४० ला ठसठशीत पट्टा! मी खुशीत रिपोर्टात 'ब्रॉन्स्टेड आम्लता सिद्ध' असं लिहूनही टाकलं. सरांनी आलेख पाहून एकच विचारलं, "अरे, मग १५४० कुठंय?" नव्हताच. पाण्याच्या रेणूचा वाकण्याचा कंपही १६४० लाच येतो. पोटॅशियम ब्रोमाइड ओलावा ओढून घेतं, आणि मी चक्क मुंबईचा पावसाळा मोजून आलो होतो.

रिपोर्टाची दोन पानं फाडली. पुढच्या वेळी नुसत्या अल्युमिनाची पातळ चकती दाबली, व्हॅक्यूममध्ये ४०० अंशांवर तापवली आणि थंड झाल्यावर आधी कोरा स्पेक्ट्रम घेतला. मग पिरिडिन सोडलं, १५० अंशांवर सैल बसलेले रेणू खेचून काढले आणि नव्या स्पेक्ट्रममधून कोरा वजा केला. १४५० राहिला, १६४० गेला. म्हणजे फक्त लुईस!

तेव्हा ज्युनिअर्सनो, एकाच पट्ट्यावर निकाल देऊ नका, त्याचा जोडीदारही शोधा. आणि कोरा स्पेक्ट्रम घेतल्याशिवाय लॅबमधून निघू नका, विशेषतः पावसाळ्यात.