हृदयातील यंत्र आणि गोल्फचा खेळ

गोल्फ हा संथ खेळ म्हणून ओळखला जातो. खेळाडू चालतो, थांबतो, गवतावरील चेंडू न्याहाळतो आणि मग एकदाच काठी फिरवितो. अठरा भोकांचा पूर्ण डाव पायी खेळणारास सुमारे आठ किलोमीटर चाल पडते. स्थिर प्रकृतीच्या हृद्रोग्यास असा व्यायाम बहुधा हितकरच ठरतो. तरीही छातीत पेसमेकर बसविलेला मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो हा की, त्या एका फटक्याने आतील यंत्र मोडणार तर नाही? प्रश्न रास्त आहे. परंतु भीतीचे स्थान चुकले आहे. यंत्राची धातूची डबी सहसा मोडत नाही. जपावयाची असते ती तिला जोडलेली तार.

ही डबी बहुधा डाव्या जत्रुकाखाली, म्हणजे गळ्याखालील आडव्या हाडाच्या खाली, त्वचेआड केलेल्या लहानशा कप्प्यात ठेवितात. तिच्यापासून निघालेली तार शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूस उतरते व तिचे टोक आतील भिंतीस टेकते. हृदयाचे ठोके मंदावले की या तारेवाटे सूक्ष्म विद्युत्-संदेश जातो. संपूर्ण यंत्र शरीरात बसविण्याचा पहिला प्रयोग 1958 साली स्वीडनमध्ये झाला. शल्यवैद्य ओके सेनिंग व अभियंता रूने एल्मक्विस्ट यांचे ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पण त्यांचे रुग्ण आर्ने लार्सन हे पुढे एकामागून एक नवी यंत्रे बदलीत 2001 पर्यंत जगले.

आता गोल्फच्या फटक्याकडे पाहू. उजव्या हाताने खेळणारा काठी मागे नेतो तेव्हा त्याचा डावा बाहू छातीवरून आडवा ओढला जातो आणि खांद्याचा दाब नेमका त्या कप्प्यावर येतो. फटका पूर्ण होताना दोन्ही हात खांद्याच्या वर जातात. या हालचालीत तारेवर दोन ठिकाणी ताण पडतो. एक, हृदयातील टोकापाशी. दुसरा, जत्रुक व पहिली बरगडी यांमधील चिंचोळ्या वाटेत. पहिला धोका आरंभीच्या आठवड्यांतला आहे. टोकाभोवती तंतुमय ऊतक वाढून ते पक्के धरले जाईपर्यंत तार सरकू शकते. दुसरा धोका वर्षांनुवर्षांचा आहे: एकाच जागी वारंवार चिमटली गेलेली तार झिजते, क्वचित तुटतेही. तार कोणत्या शिरेतून घालावी हे शल्यवैद्याच्या हाती असते, आणि ती वाट बरगडीपासून दूर ठेवल्यास ही झीज पुष्कळ टळते. म्हणून आपण गोल्फ खेळतो आणि कोणत्या हाताने खेळतो, हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितले पाहिजे. नंतर सांगून फारसा उपयोग नाही.

शस्त्रक्रियेनंतर साधारणतः चार ते सहा आठवडे त्या बाजूचा बाहू खांद्याच्या वर नेऊ नये, असे सांगतात. पूर्ण फटक्यासाठी काही तज्ज्ञ याहूनही अधिक अवधी देतात. जखम भरल्यावर वैद्याच्या संमतीने आरंभ हिरवळीवरील हलक्या टोल्यांनी करावा, कारण त्यांत हात कमरेच्या आसपासच राहतात. मग अर्धा फटका, आणि शेवटी पूर्ण. येथे एक उलटी चूकही पुष्कळांकडून होते. भीतीने ते बाहू अगदी हालवीतच नाहीत, त्यामुळे खांदा आखडतो आणि यंत्र निर्दोष असूनही खेळ सुटतो. खांद्याखालील नित्याच्या हालचाली पहिल्यापासूनच चालू ठेवाव्यात. काठ्यांची पिशवी मात्र त्या खांद्यावर घेऊ नये; चाकांची गाडी बरी.

ज्यांचे हृदय श्रमात आपण होऊन वेग वाढवीत नाही, त्यांच्या पेसमेकरात बहुधा शरीराची हालचाल ओळखणारा संवेदक असतो. त्याचे वागणे थोडे गमतीचे आहे. मैदानातील मोटारगाडीत बसून खडबडीत वाटेने जाताना तो हादऱ्यांनाच चालणे समजून ठोके वाढवू शकतो. उलट, हळूहळू चढण चढताना श्रम अधिक व हालचाल कमी, म्हणून ठोके अपुरे पडतात. चढावर धाप लागते असे वैद्यास सांगितल्यास ही संवेदनक्षमता त्वचेस न छेदता बाहेरूनच जुळवून घेता येते.

चुंबकांविषयी सावध असावे. चेंडूची जागा दर्शविणाऱ्या खुणेत, हातमोज्याच्या बटणात, गाडीस चिकटणाऱ्या ध्वनिक्षेपकात चुंबक असतात, आणि मोबाइल फोनमध्येही. चुंबक अगदी जवळ आल्यास पेसमेकर ठराविक गतीने ठोके देऊ लागतो. धक्का देऊन घातक ठोके थांबविणाऱ्या यंत्राचा धक्का मात्र तेवढा वेळ बंदच पडू शकतो. अशा वस्तू यंत्रापासून निदान 15 सेंटिमीटर दूर ठेवाव्यात. खिसा विजारीचा वापरावा, सदऱ्याचा नव्हे.

हे धक्का देणारे यंत्र, म्हणजे डीफिब्रिलेटर, मनुष्याच्या शरीरात प्रथम 1980 साली बाल्टिमोर येथे बसविले गेले. ते बाळगणारा खेळाडू एकट्याने खेळू नये हे बरे, आणि सोबत्यांस त्याची कल्पना असावी. एक धक्का बसून लगेच बरे वाटले तर खेळ थांबवून वैद्यास कळवावे. लागोपाठ धक्के बसले किंवा अस्वस्थ वाटले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. रायडर चषकात 1995 साली युरोपच्या विजयी संघाचे नेतृत्व करणारे स्कॉटलंडचे बर्नार्ड गॅलाकर यांचे हृदय 2013 साली ॲबर्डीन येथील एका समारंभात अकस्मात बंद पडले. तेथे हाताशी असलेल्या बाह्य डीफिब्रिलेटरने ते वाचले. नंतर त्यांच्या छातीत तशाच कामाचे यंत्र बसविण्यात आले, आणि गोल्फ क्लबांत बाह्य यंत्रे असावीत म्हणून त्यांनी मोहीम चालविली. ज्याच्या छातीत आधीच यंत्र आहे असा खेळाडू निश्चेष्ट पडल्यास छाती दाबणे व बाह्य यंत्र लावणे यांत मागेपुढे पाहू नये. फक्त त्याची पट्टी त्वचेखालील उंचवट्यावर न चिकटविता बाजूस लावावी.

पेसमेकरची विद्युत्-घटमाला बहुधा आठ-दहा वर्षांनी संपत येते. तेव्हा डबी बदलतात. तार चांगली असल्यास तीच राहते. तिचे टोक आधीच पक्के झालेले असल्याने खेळाडूस केवळ जखम भरण्यापुरते थांबावे लागते. तार नवी घातली असेल, तर आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजावयाचे.