आजोबांचं वर्णन, इंग्रजीत एका वाक्यात

विसरभोळे आजोबा करडीहून तुमसर रोड स्टेशनला जाऊन गाडीत बसणार असतील, तर हे वाक्य आधीच फोनमध्ये लिहून ठेवा. तिथल्या काही गाड्या पुढे बिलासपूर, हावड्यापर्यंत जातात; तिकडे आपली मराठी कोण वाचणार? चला, फोन घ्या. मी उच्चार सांगतो, तुम्ही रोमन अक्षरांत लिहा.

१. आधी मराठीत यादी करा: उंची, बांधा, वय, केस, मिशी, खूण. स्वभाव नको, ‘फार प्रेमळ’ यावरून फलाटावर कोणी ओळखत नाही.

२. ‘अ मॅन’ लिहा.

३. या दोन शब्दांच्या मध्ये उंची आणि बांधा घाला: ‘अ शॉर्ट, थिन मॅन’. आजोबा जाडे असले तरी ‘फॅट’ लिहू नका, ‘स्टाउट’ लिहा.

४. पुढे वय जोडा: ‘ऑफ अबाउट ७०’. इथे ‘इयर्स’, ‘एज’ काही लागत नाही.

५. स्वल्पविराम देऊन केस-मिशी लिहा: ‘विथ ग्रे हेअर, अ थिक मस्टॅश’. इथंच घोळ होतो! ‘हेअर’च्या आधी ‘अ’ नाही आणि शेवटी ‘स’ही नाही. आपण मिश्या म्हणतो, पण इंग्रजीत ती एकच, म्हणून तिला ‘अ’ हवा.

६. खूण लिहा: ‘अँड अ मोल ऑन हिज लेफ्ट चीक’. डावा गाल आजोबांचा, समोरून बघणाऱ्याचा नव्हे. सेल्फीवरून तर ठरवूच नका, काही फोनांत ती उलटी येते.

७. निघायच्या दिवशी कपडे जोडा: ‘वेअरिंग अ व्हाइट शर्ट अँड अ धोती’. धोतराला ‘धोती’च लिहा, रेल्वेभर कळतं.

८. पूर्णविराम देऊन नेमकी उंची वेगळी सांगा: ‘ही इज १६० सेंटिमीटर्स टॉल’, म्हणजे ५ फूट ३ इंच. ठेंगण्या माणसालाही इथे ‘टॉल’च, ‘हाय’ नको.

९. मुख्य वाक्य एका दमात वाचा: ‘अ शॉर्ट, थिन मॅन ऑफ अबाउट ७०, विथ ग्रे हेअर, अ थिक मस्टॅश अँड अ मोल ऑन हिज लेफ्ट चीक, वेअरिंग अ व्हाइट शर्ट अँड अ धोती.’ मधले स्वल्पविराम गाळलेत तर वाचणारा धापा टाकील.

१०. निघतानाचा ताजा फोटो सोबत जोडा. लग्नातला फेटेवाला नको.

खरंच चुकामूक झाली, तर आधी ११२ लावा किंवा पोलीस ठाणं गाठा. चोवीस तास थांबायची गरज नसते. आणि हेच वाक्य आजीसाठी वापरणार असाल, तर ‘मॅन’चं ‘वुमन’, ‘ही’चं ‘शी’, ‘हिज’चं ‘हर’ करा, शर्ट-धोतीची साडी करा, आणि मिशी तेवढी आठवणीने खोडा.