घिसाडघाई आणि घरची भट्टी

मुलांनो,

वर्गाला येताना गाडीत बसून गृहपाठ लिहिला, की आई म्हणते, "काय ही घिसाडघाई!" या शब्दात एक माणूस दडलेला आहे. घिसाडी म्हणजे गावोगाव फिरणारा लोहार. घिसाडी कुटुंबे रस्त्याकडेला उतरत, जमिनीतल्या लहानशा खड्ड्यात भट्टी पेटवत आणि विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवत. नवरा सांडशीने लोखंड धरी आणि बायको घण मारी. आजही काही कुटुंबे हे काम करतात. मग त्यांची घाई खरोखर निष्काळजी होती का? भट्टी समजली की उत्तर मिळेल.

भट्टीचा जीव भात्यात

बार्बेक्यूच्या निखाऱ्यांवर कणीस भाजते, पण लोखंड मऊ होत नाही. कारण तिथे कोळशाला ऑक्सिजन हळूहळू मिळतो आणि तयार झालेली उष्णता लगेच निसटून जाते. भात्याने हवा फुंकली की तोच कोळसा झपाट्याने जळतो, उष्णता एका जागी साठते आणि तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. लोखंड १५३८ अंशांना वितळते, पण आपल्याला ते वितळवायचे नाही, फक्त मऊ करायचे आहे.

भट्टी कशी बांधावी?

१. जंकयार्डमधून गाडीचा जुना ब्रेक ड्रम आणावा. त्यातली धूळ फुंकू नये, कारण तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रम ओल्या फडक्याने पुसावा.
२. मधल्या भोकावर जाड लोखंडी पत्रा ठेवावा. त्याला बोट जाईल एवढी आठ-दहा भोके पाडावीत.
३. खाली दोन इंची काळा लोखंडी पाइप 'टी' लावून जोडावा. आडव्या तोंडातून हवा येते, खालच्या तोंडातून राख काढता येते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप मुळीच वापरू नये. तापल्यावर त्याचा धूर माणसाला आजारी पाडतो.
४. भाता म्हणून जुना हेअर ड्रायर थंड हवेवर चालवावा. तो भट्टीपासून दोन-तीन फूट लांब ठेवावा, नाहीतर वितळेल.
५. ड्रम विटांवर पक्का बसवून लाकडी कोळसा भरावा. बार्बेक्यूचे दाबून केलेले गोळे नकोत, त्यांची राख फार होते.

पालकांसाठी: भट्टी फक्त उघड्यावर पेटवावी, गॅरेजमध्ये कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गावाचे आगीबाबतचे नियम आधी विचारावेत. डोळ्यांना चष्मा, अंगात सुती कपडे आणि जवळ पाण्याची बादली हवी. काळे दिसणारे लोखंडही ५०० अंश तापलेले असू शकते.

रंग वाचायला शिका

पाव इंच जाडीची, दोन फूट लांबीची सळी घ्यावी. एक टोक भट्टीत आणि दुसरे हातमोजा घातलेल्या हातात, म्हणजे सांडशी लागत नाही. सळी आधी मंद लाल होते. सुमारे ७७० अंशांना लोहचुंबक तिला चिकटेनासा होतो. नारिंगी-पिवळी झाली की ठोकायची वेळ आली. पांढरी होऊन ठिणग्या उडाल्या, तर लोखंड जळू लागले आहे असे समजावे. पहिले काम म्हणून 'एस' आकाराचा हुक करावा. ऐरणीसाठी भंगारवाल्याकडून विकत घेतलेला रुळाचा तुकडा चालतो.

आता उत्तर

एवढी बारीक सळी भट्टीबाहेर काढल्यावर जेमतेम दहा-बारा सेकंद मऊ राहते. तेवढ्यात हातोडा शोधायचा की विचार करायचा? दोन्हीला वेळ नसतो. थंड लोखंडावर घाव घातला तर त्याला तडा जातो किंवा हातोडा उसळतो. म्हणून लोहार सगळा विचार भट्टीपाशी, सळी तापेपर्यंत करतो. कुठे ठोकायचे आणि किती घाव घालायचे, हे आधी ठरलेले असते. मग घाव भराभर पडतात. बघणाऱ्याला फक्त घाई दिसते, तयारी दिसत नाही. शब्द बघणाऱ्यांनी बनवला, घिसाड्याने नाही.

शब्दार्थ
भाता – हवा फुंकण्याचे साधन. बाण ठेवण्याची पिशवी
ऐरण – ज्यावर लोखंड ठेवून ठोकतात ती
घण – मोठा जड हातोडा
(प्रश्न) ऐरणीवर येणे – तातडीने निर्णय घेण्याची वेळ येणे

प्रश्न
१. भट्टीला हवा का लागते?
२. 'भाता' हा शब्द दोन्ही अर्थांनी वाक्यात वापरा.
३. घिसाड्याची घाई आणि गाडीतला गृहपाठ यांत फरक काय? आजी-आजोबांनी घिसाडी पाहिले होते का, हेही त्यांना विचारून लिहा.