ब्रह्मा घाटावर कणीक, तळ्यावर गळ

गोड्या पाण्यातले मासे गळाने धरायला शिकायचं असेल तर पहिले काही दिवस गळ घरीच ठेवा आणि काशीच्या ब्रह्मा घाटावर नुसती कणीक घेऊन जा. इथे माशांना कणकेच्या गोळ्या घालणं हे पुण्याचं काम मानतात. पायरीवर बसून रामनाम घेत एकेक गोळी सोडणाऱ्या माणसाच्या शेजारी नवशिक्याने बसावं आणि पाण्याकडे बघावं. मासा कुठे थांबतो, कसा खातो, कशाने बिचकतो, हे दुकानात मिळत नाही.

वेळ दुपारनंतरची निवडा. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे आणि घाट पूर्वेला तोंड करून आहेत. सकाळी सूर्य समोरून डोळ्यांवर येतो, पाणी चकाकतं आणि आतलं काही दिसत नाही. शिवाय ती स्नानाची वेळ. उन्हं कलली की घाटावरच्या वाड्यांची सावली पाण्यावर पडते, चकाकी जाते आणि काठाजवळची हालचाल दिसू लागते. पावसाळ्यात पायऱ्याच पाण्याखाली जातात, तेव्हा हे सगळं हिवाळ्यात करा. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पुढे पाणी एकदम खोल होतं, म्हणून कोरड्या पायरीवरच बसा.

कणीक घट्ट मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या करा. दोन-दोन गोळ्या टाका. आधी धारेत टाका, मग बांधलेल्या नावेच्या आडोशाला, मग बुरुजाच्या उत्तर अंगाला, जिथे प्रवाह अडून पाणी संथ होतं. मासे बहुधा त्या संथ पाण्याच्या कडेला उभे असतात, कारण तिथे ताकद कमी लागते आणि खाणं वाहत समोर येतं. कोण वर येऊन घास घेतं, कोण बुडत्या गोळीमागे जातं, हेही पाहा. कटला, इथल्या बोलीतला भाकुर, वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ, म्हणजे नैनी, तळाशी. गळ किती खोल सोडायचा ते पुढे यावरूनच ठरतं.

गळ मात्र या घाटावर टाकू नका. रामनगरपासून मालवीय पुलापर्यंतचं सुमारे ७ किलोमीटर पात्र १९८९ पासून कासवांचं अभयारण्य होतं. २०२० मध्ये तो दर्जा निघाला, म्हणून हे पात्र हौशी माणसाला मोकळं झालं असं समजू नये. गंगेतली सूंस, म्हणजे डॉल्फिन, आणि इथल्या कित्येक जातींची कासवं कायद्याने संरक्षित आहेत, आणि तुटलेला गळ अनवाणी यात्रेकरूच्या पायात जातो. नदीवर पोट असणाऱ्या मल्लाहांचा मानही ठेवायला हवा. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षितांनी १७४० च्या सुमारास ब्रह्मा आणि दुर्गा घाट बांधले, ते इथल्या मासेमारांकडून जमीन विकत घेऊन. या काठावर मराठी माणूस नंतर आला, हे आपण विसरू नये.

तेव्हा शहराबाहेरचं एखादं खाजगी तळं गाठा. तळी बहुतेक ठेक्याने दिलेली असतात. ठेकेदाराला आधी विचारा, मासा न्यायचा की सोडायचा तेही ठरवून घ्या. महाराष्ट्रात परतल्यावरही असंच करा, कारण धरणांच्या जलाशयांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. पावसाळा हा रोहू, कटल्याचा विणीचा काळ. तेव्हा जाऊच नये.

पहिल्या साधनाला चाक नको. दहा-बारा फुटांचा सरळ, लवचिक बांबू घ्या आणि शेंड्याला जवळपास तेवढीच लांब नायलॉनची तंगूस बांधा. नेढं असलेला लहान गळ मागा, आठ किंवा दहा नंबरचा. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. तंगूस नेढ्यातून ओवा, टोक मूळ धाग्याभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा, नेढ्यालगतच्या फटीतून परत काढा, थुंकीने ओलं करून सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळताना तंगूस घासून कमजोर होते. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा छोटा तुकडा दाबून बसवा आणि त्याच्या वर बुचाचा तरंगा. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. मासा सोडवणं सोपं जातं आणि आपलं बोटही वाचतं.

तळ्याकाठी आधी वर बघा. विजेच्या तारांखाली लांब काठी उभी करायची नाही, ओली तर मुळीच नाही. आपली सावली पाण्यावर पडणार नाही असा काठ निवडा. तळाशी खाणाऱ्या नैनीसाठी तरंगा वरखाली सरकवत आमिष तळापासून चार बोटं वर राहील असं करा. कणकेत थोडं सत्तू मिसळलं तर वास धरतो. गोळीतून गळाचं टोक किंचित बाहेर ठेवा. मग चार सुट्या गोळ्या टाका आणि त्यांच्यामध्येच गळ सोडा.

तरंगा नुसता थरथरला तर हात आवरा, बारीक मासे टोचताहेत. तो आडवा झाला तर माशाने आमिष वर उचललंय. तो सरकत बुडू लागला की मनगट वर करा. झटका देऊन ओढायचं नाही. काठी वाकलेली आणि तंगूस ताणलेली ठेवली की मासा आपणच दमतो. मग त्याला जाळीवर आणा. हात ओले करूनच धरा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा रोगाने मरतो. मिशा असलेल्या टेंगऱ्याला मात्र फडक्याने धरा, त्याच्या पाठीचा आणि बाजूच्या परांचा काटा खोल आणि ठणकणारी जखम करतो.

निघताना तंगुशीचा तुकडान् तुकडा गोळा करा आणि घरी बारीक कापूनच कचऱ्यात टाका. लांब तुकडा पाण्यात राहिला तर बगळा आणि कासव दोघंही त्यात अडकतात.